कातळटेंबची प्रेक्षणीय स्थळं

"सरोवर म्हणजे नक्की केवढं?" हिंमतराव फाळके साहेबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"मोठं आहे सर. पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही."

"आणि लाल का?"

"निसर्ग, सर."

साहेबांनी समाधानानं मान हलवली. निसर्ग म्हटलं की त्यांचे प्रश्न संपत. त्यांनी मसुद्याच्या कोपऱ्यात सही ठोकली, आणि अप्पर डिव्हिजन क्लार्क श्रीरंग आरोलकर कागद घेऊन बाहेर आला. नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्यानं हा पहिलाच मसुदा मन लावून लिहिला होता.

सागरी पर्यटन प्रसिद्धी कक्ष हे ऑफिस दिल्लीत होतं. जवळचा समुद्र तिथून बाराशे किलोमीटरवर होता. त्याहून जवळ मोठं पाणी म्हणजे यमुना, आणि तिच्याबद्दल कक्षाला काही म्हणायचं नव्हतं. साहेब मूळचे ग्वाल्हेरचे. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. स्वतः साहेबांनी पस्तीस वर्षांत अकरा समुद्रकिनारे मंजूर केले होते, ते फायलीवर. ओल्या वाळूत बूट खराब होतात, एवढी माहिती त्यांना ऐकून होती.

श्रीरंगच्या मसुद्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं लिहिलं असतं तर तो पकडला गेला असता, आणि मजाही गेली असती. कातळटेंब हे त्याचं गाव. कोकणच्या दक्षिण टोकाला, समुद्रात घुसलेल्या काळ्या-तांबड्या कातळावर बसलेलं. एका कंपनीनं तिथं तीस वर्षं लोखंडाची माती उपसली आणि एके दिवशी कुलूप लावून निघून गेली. मागे उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं. ते लाल सरोवर. कामगारांच्या चाळींची छपरं लोकांनी काढून नेली, भिंती राहिल्या. ती मौन वसाहत. माती बोटीत चढवायचा धक्का अर्धा समुद्रात कोसळला होता. तो लोहसेतू, आणि त्यापुढे श्रीरंगनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'पर्यटक या सेतूवर हवं तितकं पुढे जाऊ शकतात.' एका कड्यावर वारा असा सुटे की डोक्यावर काही राहत नसे. त्याला त्यानं पवनशिखर नाव दिलं. करवंदांच्या काटेरी जाळ्या पसरल्या होत्या, ते आदिम अरण्य. पत्रकाच्या छापील नमुन्यात 'विशेष आकर्षण' असा एक रकाना असे आणि तो रिकामा सोडायची परवानगी नव्हती. तिथं त्यानं 'शांतता' असं लिहिलं.

ही सगळी मेहनत एकाच पर्यटकासाठी होती. तो पर्यटक नुकताच सही करून चहा पीत बसला होता.

कारण मागच्या वर्षी, चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात, शुक्रवारी दुपारी तार आली होती. आई गंभीर, लवकर निघ. श्रीरंग तार आणि रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत गेला होता. प्रगती मैदानावर व्यापार मेळा चालू होता, तिथं कक्षाचा स्टॉल होता. साहेबांनी तार वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली.

"गंभीर म्हणजे आजारी ना? गेली तर नाही?"

"नाही सर. पण…"

"मग झालं तर! मेळा सत्तावीसला संपतो. अठ्ठावीसला जा. बिल्कुल जा. दोन दिवस जास्त घ्या." मग त्यांनी अर्जावरचा पत्ता वाचला. "कातळटेंब. हे कुठं आलं? आपल्या नकाशावर तर नाही हे."

आणि अर्जावर नामंजूर लिहून ते मेळ्याला गेले.

स्टॉल दीपगृहाच्या आकाराचा होता. प्लायवूडचा, वर बल्ब, तो दर पाच सेकंदांनी विझे. त्या दीपगृहाच्या पोटात उभं राहून श्रीरंगनं आठ दिवस लोकांना पत्रकं वाटली. लोक पत्रकं घेत आणि पुढच्या स्टॉलवर त्यात भेळ बांधून घेत. मेळा सत्तावीसला संपला. आई सव्वीसला.

तो पोचला तेव्हा घर सारवून झालं होतं. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. समोरच्या माडावर बसून नुसता बघत राहिला. चुलतभाऊ दामू म्हणाला, तू काहीतरी बोल, तिचा जीव तुझ्यात अडकलाय. श्रीरंगला बोलता आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आई येण्याऐवजी साहेबच येत होते, तार उलटून बघणारे. चार वाजले. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि त्यानं पिंडाला स्पर्श करून काम निकालात काढलं, अगदी सरकारी पद्धतीनं.

परतीच्या गाडीत श्रीरंगचं ठरलं. हा माणूस तिथं गेला पाहिजे. दोन दिवस दोन रात्री आगगाडी, मग चौदा तास एस.टी., मग दुसरी एस.टी., मग होडी, मग उघड्या कातळावर चार मैल चाल. कोकण रेल्वे अजून बोगद्यातच अडकली होती, हे त्यातल्या त्यात बरं. एवढा जिवाचा आटापिटा करून माणूस पोचतो आणि तिथं काहीच शिल्लक नसतं, हे साहेबांना एकदा पायांनी कळलं पाहिजे. बाकी त्याला काही नको होतं.

बायकोला, सुनयनाला, त्यानं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पत्रकाची छापील प्रत दाखवली, तेव्हा ती भाजी निवडत होती.

"अहो, हे तर आपलं गाव," ती म्हणाली. "आणि सरोवर कुठलं? ती म्हशी बुडाल्या ती खाण?"

"तीच."

"आणि याच्यावरनं साहेब तिथं जाणार?"

"एल.टी.सी. घेतायत. जानेवारीत रिटायर होतायत, शेवटची आहे."

"शिव्या घालून मोकळे झाला असतात तर वर्षभर झोपला तरी असतात. तुमचा सूडही ऑफिससारखाच. कागद निघायलाच वर्ष लागलं."

आठवीतल्या मुलीनं, मैत्रेयीनं, पत्रक वाचलं. "बाबा, 'आदिम' म्हणजे? आदमी का?"

"खूप जुनं."

"अच्छा. मग जुनं जंगल लिहा ना, यार."

एल.टी.सी. म्हणजे सरकार कर्मचाऱ्याला चार वर्षांतून एकदा आपल्या खर्चानं कुटुंबासह देश दाखवतं, ती सवलत. दिल्लीतले पुष्कळ जण हा देश मेरठला मेहुण्याकडे बसून पाहत आणि कागदावर कन्याकुमारी लिहीत. फाळके साहेब तसे नव्हते. जाहीर केलेल्या गावी ते खरोखर जात, तिथल्या स्टेशनमास्तरला भेटत, पोचल्याचा पुरावा आणत. शिवाय या शेवटच्या खेपेला तरी आपल्या कक्षानं मंजूर केलेल्या जागेलाच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. साहेबांच्या या सचोटीवरच श्रीरंगचा सगळा डाव उभा होता. लबाड माणसावर असा सूड उगवताच आला नसता.

साहेबांच्या बायकोनं, अलकनंदाबाईंनी, यंदा समुद्रच पाहिजे असं सांगून ठेवलं होतं. गर्दी नको, तेलकट नको, हनिमूनची जोडपी तर नकोतच. श्रीरंगला हे साहेबांच्या टेलिफोनवरच्या बोलण्यातून ठाऊक होतं. म्हणून पत्रकात ओळ होती, 'हे स्थळ नवविवाहितांमध्ये अजिबात लोकप्रिय नाही.'

ऑक्टोबरात साहेबांनी त्याला आत बोलावलं. टेबलावर अकरा जुनी पत्रकं आणि एक नवं.

"आरोलकर, आमचं ठरलं. कातळटेंब!"

"वा सर."

"मिसेसना ते जोडप्यांचं फार पटलं. अकरा नोव्हेंबरला निघतो, चौदाला पोचतो, आठ दिवस राहतो."

श्रीरंगनं मनात तारखा मोजल्या. आईचं वर्षश्राद्ध तिथीनं अकरा दिवस आधी येत होतं, पंधरा नोव्हेंबरला. त्याचा रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये तयार होता.

"सर, नोव्हेंबरात तर मेळा…"

"म्हणून तर! मेळ्याला तुम्ही आहात ना. आपण दोघं एकदम गेलो तर दीपगृहात कोण उभं राहणार?" साहेब हसले. "रिटायर होणाऱ्या माणसाला मेळ्यातून सूट द्यावी लागते, आरोलकर. माणुसकी म्हणून."

श्रीरंग 'होय सर' म्हणाला. आपणच खणलेल्या खड्ड्याला आपणच सरोवर म्हटलं होतं, आता तक्रार कुठं करायची? बाहेर येऊन त्यानं दामूला कार्ड टाकलं, की श्राद्ध तू कर, मला रजा नाही. साहेबांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दामूनं त्यांना उतरवून घ्यायला होडी पाठवली असती. दामू तसाच होता.

चौदा तारखेला संध्याकाळी दीपगृहातला फोन वाजला. तालुक्याच्या एस.टी.डी. बूथवरून दामू बोलत होता, आणि बूथवाला मीटर बघत असावा, कारण दामू श्वास न घेता बोलत होता.

"श्री! अरे, तुझो सायब इलो रे! बायलेक घेवन!"

"हो? काय म्हणतायत?" श्रीरंगनं आवाज सपाट ठेवला. "दमले असतील."

"दमतले कित्याक? लाल सरोवर खंय म्हणान इचारी होते, माका कळाक नाय. मगे कळला, ती आपली खाण. तेंव्हापासून थंयच बसलेत. बाईंनी फोटो काढल्यानी."

"परत जातो म्हणाले का?"

"छे रे! तुझ्या आवशीच्या, काकीच्या घरात उतरवलंय त्येंका. माका वाटला, तुका रजा नाय म्हणान सायब सोता इले श्राद्धाक. किती मोठो माणूस! सगळ्या वाडीक तसाच सांगितलंय."

"दामू, ऐक. ते त्यासाठी आलेले…"

फोन कटला. वरचा बल्ब विझला, लागला, विझला.

दुसऱ्या दिवशी पंधरा तारखेला श्रीरंग सकाळी दहापासून पत्रकं वाटत होता. त्यातलं एक कातळटेंबचं होतं. "ये जगह अच्छी है?" एका बाईनं विचारलं. तो म्हणाला, "मालूम नहीं. मैं वहाँ था नहीं." बाईंना हे उत्तर सेल्समनचं वाटलं नाही, त्या निघून गेल्या.

साहेब परत आले ते उन्हानं काळे होऊन, आनंदात. नाकाचं साल निघालेलं. 'आरोलकर, क्या जगह है!' एवढंच ते ऑफिसात म्हणाले. बाकीचं त्यांनी राखून ठेवलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गुडगावला त्यांच्या नव्या फ्लॅटची पूजा होती, आणि फोटो तिथंच दाखवायचे होते.

गुडगावात तेव्हा इमारती आधी उगवत आणि रस्ते मागाहून येत. साहेबांचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. लिफ्ट बसवलेली होती, तिला हारही घातला होता, पण वीज नव्हती. पाहुणे धापा टाकत वर पोचत होते आणि बाल्कनीत जाऊन सरसोंचं शेत आणि चार क्रेन बघत होते. श्रीरंग आणि सुनयना चढून आली तेव्हा ऑफिसचे सगळे बसलेच होते. टायपिस्ट हरीशनं श्रीरंगला सतरंजीवर जागा करून दिली. "बैठ जा यार. साहब का पिक्चर शुरू होनेवाला है."

अल्बम हातोहात फिरला. साहेब लाल पाण्याच्या काठावर. बाई मौन वसाहतीच्या एका बिनछपरी खोलीत, खिडकीच्या भोकातून बाहेर बघताना. साहेब पवनशिखरावर, डोक्यावर टोपी नाही आणि टोपी फोटोच्या वरच्या कोपऱ्यात. लोहसेतूच्या तुटक्या टोकाला दोघं, हात घट्ट धरलेले.

"बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा हात धरला माझा," अलकनंदाबाई म्हणाल्या. "पडतील म्हणून भीती वाटली त्यांना."

सगळे हसले. श्रीरंगनं पान उलटलं. त्याच्या आईचं घर होतं. पुढच्या पडवीत बाई सुपारी कातरत बसल्या होत्या, जणू तिथंच नांदायला आल्या होत्या.

"हा मी ठेवला तर चालेल, सर?"

"घ्या की! निगेटिव्ह आहे माझ्याकडे."

श्रीरंगनं फोटो अल्बममधून सोडवला आणि खिशात घातला. आईच्या घराची निगेटिव्ह फाळक्यांकडे, हेही त्यानं मनात एका बाजूला नोंदवून ठेवलं. यादी मोठी होत चालली होती.

"आता कावळ्याची गोष्ट सांगा ना," बाई म्हणाल्या.

साहेब उठून उभेच राहिले. "अरे हो! ऐका. दुसऱ्याच दिवशी तिथं आरोलकरांच्या आईचं वर्षश्राद्ध. आम्ही पाहुणे, पण ते लोक म्हणाले बसा, तर बसलो. केळीच्या पानावर भात, वडे, खीर, सगळं मांडलं कातळावर, कावळ्यासाठी. आणि कावळा येईना! समोर माडावर बसलाय. अकरा वाजले, साडेअकरा. तो दामू म्हणतोय, काकी, घराची कौलं फिरवतो. नाही! काकी, तुझ्या गाईला सांभाळतो. नाही! कुणी म्हणालं, नातीचं लग्न करू. नाही! बारा वाजले. मला भूक लागलेली. आधी कावळा, मग माणसं, असा तिथला रूल. शेवटी दामू माझ्याकडे वळला. म्हणाला, सायबानु, तुमी बोला, झिलाचे सायब तुमी. झील म्हणजे मुलगा. आता मी काय बोलणार? मी ऑफिसर माणूस! पण म्हटलं, बोलून टाकू. पुढं झालो. हात जोडले. म्हटलं, आईसाहेब, श्रीरंगची रजा मंजूर!"

साहेब थांबले. सगळीकडे एकवार पाहिलं.

"और कसम से, कावळा खाली! सव्वाबारा वाजले होते, मी घड्याळ पाहिलं. सरळ वड्यावर!"

सहावा मजला हसण्यानं हादरला. हरीशनं श्रीरंगच्या पाठीवर थाप मारली. "तेरी छुट्टी तो ऊपर से सँक्शन हो के आयी, भाई!" सुनयना तेवढी हसत नव्हती. तिनं नवऱ्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली होती, जणू नाडी बघत होती.

श्रीरंगला माडावरचा कावळा दिसत होता. वर्षापूर्वी हाच चार वाजेपर्यंत बसला होता आणि मुलाच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. आता तो आला. आणि आला कुणासाठी!

"पण हो," अलकनंदाबाईंचा आवाज खाली आला, "दामूभाऊ सांगत होते, आई आजारी होती तेव्हा तुम्हाला खरंच रजा दिली नव्हती म्हणे. आठ दिवस तुमच्या वाटेकडे डोळे लावून होती. कोण होता हो तो साहेब?"

हसू हळूहळू ओसरलं. हरीशनं सतरंजीकडे पाहिलं. ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. श्रीरंगनं मान वर करून साहेबांकडे पाहिलं. हाच तो क्षण, यासाठीच तर त्यांना देशाच्या त्या टोकापर्यंत चालवलं होतं. आता कळेल. आता चेहऱ्यावर दिसेल.

साहेबांचा चेहरा संतापानं लाल झाला.

"कोण हरामखोर होता?" ते म्हणाले. "आई मरतेय आणि रजा नाही? केव्हाची गोष्ट ही? मेळ्याच्या वेळची? तेव्हा मी मैदानावर असतो, ऑफिसात माझ्या खुर्चीत कोण बसत होतं? नाव सांगा, आरोलकर! आत्ता सांगा. जायच्या आधी त्याच्या सी.आर.मध्ये वाईट शेरा मारून जातो!"

ते खरंच बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. श्रीरंगनं वर्षभर ज्याचा द्वेष केला होता, तो माणूस त्याच्या बाजूनं त्याच माणसावर दात-ओठ खात होता, आणि त्याला तो सापडत नव्हता.

"रिटायर होतायत ते, सर," श्रीरंग म्हणाला.

"मग सुटला साला," साहेब म्हणाले आणि त्यांनी श्रीरंगच्या बशीत आणखी चिवडा वाढला.

जिने उतरताना चौथ्या मजल्यावर सुनयना थांबली. "सांगायचं होतंत ना. सगळ्यांसमोर."

"माफी मागितली असती त्यांनी. तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत, रडून."

"मग?"

"मग मला माफ करावं लागलं असतं. चिवडा खात." तो दोन पायऱ्या उतरला. "नको."

"मग करणार काय आता?"

"रजा मंजूर झालीय ना माझी. घेतो."

सोमवारी सकाळी श्रीरंगनं साहेबांपुढे अर्ज ठेवला. साहेबांचे शेवटचे तीन दिवस उरले होते, खोलीत हीटर चालू होता, आणि ते न वाचताच सह्या करत सुटले होते. पेन टेकलंही होतं. मग नजर तारखेवर गेली.

"आरोलकर, साल चुकलंय तुमचं. चौऱ्याण्णव पडलंय."

"चुकलेलं नाही, सर."

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि वाचायला घेतलं. एकोणीस ते सव्वीस नोव्हेंबर, एकोणीसशे चौऱ्याण्णव. अर्जित रजा, दिवस आठ. कारण, आई आजारी असल्याने तिच्याजवळ राहण्यासाठी.

"पण तेव्हा तर तुम्ही हजर होता. मेळ्यात. ते दीपगृहात…" साहेब थांबले.

हीटरची तार तडतडली. साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. तिथं काही नव्हतं. पण तसं उलटून बघताना त्यांचा हात मध्येच राहिला. असाच एक कागद पूर्वी आपण उलटला होता, हे त्यांच्या हाताला आधी आठवलं असावं. मग ते मनगटातून वर चढत गेलं. श्रीरंगनं ते चढताना पाहिलं. त्यासाठी तो वर्षभर थांबला होता, आणि ते बघणं त्याला वाटलं होतं तितकं गोड नव्हतं. पण त्यानं नजर काढली नाही.

"आरोलकर," साहेबांनी चष्मा काढला. "मी… मला…"

"सर, कृपा करून काही बोलू नका. फक्त सही करा."

"आता या रजेचा उपयोग काय?"

"तुम्ही शब्द दिलाय, सर. ती खाली आली होती. सव्वाबारा वाजता."

साहेबांनी अर्ज पुन्हा सरळ केला. मग पूर्ण सही केली, नेहमीच्या आद्याक्षरांची नव्हे, हिंमतराव गणपतराव फाळके अशी आख्खी. खाली 'मंजूर' लिहिलं. श्रीरंगनं कागद उचलला, मान लववली आणि दार हळूच ओढून घेतलं.

हरीशनं अर्ज वाचून डोकं धरलं. "पागल है क्या? हाजिर आदमी की छुट्टी? ऑडिटवाले पूछेंगे!"

"बोल देना, साइन गलती से हो गये थे."

"या ऑफिसात गैरहजर माणसाच्या सह्या पायलीभर निघतील," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "हजर माणसाची रजा पहिलीच."

हरीशनं खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या खणातून चौऱ्याण्णव सालचा हजेरीपट काढला, फडक्यानं झटकला आणि श्रीरंगपुढे उघडून ठेवला. मग, काही काम नसताना, तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

नोव्हेंबरच्या पानावर, मेळ्यात स्टॉलवरच केलेल्या, त्याच्या आठ सह्या एकाखाली एक होत्या. श्रीरंगनं लाकडी पट्टी आडवी धरली. एकोणीस तारीख खोडून त्यापुढे त्यानं बारीक अक्षरात 'रजा' लिहिलं. मग वीस. मग एकवीस. घाई केली नाही. सव्वीस तारखेची सही बाकीच्यांपेक्षा नीट होती, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. त्या दिवशी स्टॉलवर गर्दी नव्हती आणि त्याच्याकडे वेळ होता. त्यानं पट्टी सरळ करून तीही खोडली.

मग पेनला टोपण लावून, शाई वाळेपर्यंत तो पान धरून बसून राहिला.